नीटस रचना की वेग? सीमाभागातील ‘पहाणी’ने शिकवलेले गणित

जुलै महिना लागला की बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना एका कागदाची निकड भासू लागते. तूर आणि सोयाबीनची पेरणी उरकलेली असते, पीककर्जाचे अर्ज सुरू असतात आणि खरीप पीकविम्याची मुदत साधारणतः महिनाअखेरीस संपत असते. या साऱ्यांसाठी लागणारा जमिनीचा उतारा कर्नाटकात ‘पहाणी’ या नावाने ओळखला जातो. महाराष्ट्रातील सातबारा आणि गोव्यातील एक-चौदाचा उतारा यांच्याच कुळातला हा दस्तऐवज. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद अशा मराठीभाषकांची मोठी वस्ती असलेल्या तालुक्यांतही तो कन्नडमधून छापला जातो आणि तो देणारी संगणकप्रणाली आहे ‘भूमी’.

अशा गर्दीच्या दिवसांत खिडकीवर ‘सर्व्हर स्लो आहे’ हे शब्द कानी पडले की, दोन तट पडतात. जुनी प्रणालीच बरी होती, नव्याने केलेल्या सुधारणांमुळे सगळे मंदावले, असे एकाचे म्हणणे असते. जुना पसारा तसाच ठेवला असता तर पुढचा प्रत्येक बदल अशक्य झाला असता, असे दुसरा सांगतो. सॉफ्टवेअरच्या जगात हा वाद जुना आहे. चालत असलेल्या प्रणालीचे बाह्य वर्तन न बदलता तिची आतील मांडणी सुधारणे, याला ‘रिफॅक्टरिंग’ म्हणतात. मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या याच नावाच्या ग्रंथाने ही संज्ञा सर्वतोमुखी केली. आतील मांडणी नीटस केली तर वेगाची किंमत मोजावी लागते का, लागली तर किती, आणि ती कधी मोजावी, हा यातला कळीचा प्रश्न. तो समजून घेण्यासाठी जमिनीच्या नोंदींइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

तालुक्याच्या कपाटातून राज्याच्या केंद्रात

बिदर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या आणि नंतर हैदराबाद राज्याच्या अखत्यारीत होते. निजामी राजवटीतील महसुली दफ्तर मुख्यतः उर्दूत होते, तर राज्य पुनर्रचनेनंतर ते कन्नडमध्ये आले. पुढे अनेक दशके या नोंदी गाव लेखापालांच्या हातच्या वह्यांतच राहिल्या. संपूर्ण कर्नाटकात असे सुमारे नऊ हजार गाव लेखापाल होते आणि उतारा मिळणे वा न मिळणे त्यांच्या सवडीवर अवलंबून असे.

‘भूमी’ने ही स्थिती पालटली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने उभारलेल्या या प्रणालीत २००० च्या सुमारास राज्यातील १७७ तालुक्यांतील सुमारे ६७ लाख खातेदारांच्या जवळजवळ दोन कोटी नोंदी संगणकात भरल्या गेल्या. तालुक्याच्या खिडकीवर पंधरा रुपयांत पहाणी मिळू लागली. नागरिकाला आपली नोंद दिसावी म्हणून एक पडदा त्याच्याकडे तोंड करून ठेवण्यात आला. नोंदींत बदल करणाऱ्या कर्मचाऱ्याची ओळख बोटांच्या ठशावरून पटवली जाऊ लागली. फेरफाराचे अर्ज आले त्याच क्रमाने निकाली काढण्याचे बंधन प्रणालीतच घालण्यात आले.

आरंभी प्रत्येक तालुक्याचा डेटाबेस त्या-त्या तालुक्याच्या कचेरीतच होता. पुढे तो बंगळूरच्या राज्य डेटा केंद्रात एकत्र करण्यात आला. रचनेच्या दृष्टीने हे पाऊल निर्विवाद योग्य होते. शेकडो ठिकाणी शेकडो प्रती राहिल्या की कोणती प्रत खरी, हा प्रश्न कायमचा मागे लागतो. एकाच ठिकाणी एकच सत्य असले की बँक, विमा, नोंदणी आणि न्यायालय या सर्वांना एकच उत्तर मिळते. मात्र जी माहिती पूर्वी भिंतीपलीकडच्या यंत्रात होती, ती आता बिदरपासून सुमारे सातशे किलोमीटरवर गेली. नीटस रचनेची किंमत येथे प्रथम अंतराच्या रूपाने समोर येते.

सातशे किलोमीटरचा हिशेब

प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने धावतो. सातशे किलोमीटर जाऊन परत यायला, कोणताही अडथळा नसताना, सात सहस्रांश सेकंद लागतात. वाटेतील उपकरणे, वळसे आणि गर्दी धरून प्रत्यक्षात हा काळ तीस सहस्रांश सेकंद होतो असे मानू. त्याच इमारतीतील यंत्राला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र अर्ध्या सहस्रांश सेकंदात मिळते.

आता समजा, एका पहाणीसाठी प्रणाली डेटाबेसला साठ वेळा प्रश्न विचारते. आधी सर्व्हे नंबर, मग त्यातील हिस्से, मग प्रत्येक खातेदाराचे नाव वेगळे, त्याच्यावरील बोजा वेगळा, प्रत्येक हंगामाचे पीक वेगळे. यंत्र शेजारी असेल तर साठ प्रश्नांना तीस सहस्रांश सेकंद लागतील. माणसाला तो काळ जाणवणारही नाही. तेच साठ प्रश्न एकेक करून बंगळूरला पाठवले तर जवळजवळ दोन सेकंद खर्ची पडतील. शंभर उतारे एका दमात छापायचे असतील तर तीन सेकंदांच्या कामाला तीन मिनिटे लागतील.

या उदाहरणातील मर्म असे की, आज्ञावलीचा एकही शब्द बदललेला नाही. प्रत्येक खातेदाराची माहिती त्या-त्या खातेदाराकडूनच मागावी, ही मांडणी वाचायला अत्यंत सुबक असते. तालुक्याच्या कचेरीत ती निर्धोक होती. अंतर वाढले तेव्हा तीच मांडणी महाग झाली. सुबक आज्ञावलीत दूरचा प्रश्न आणि जवळचा प्रश्न दिसायला सारखेच असतात, म्हणून हा खर्च सहजी नजरेत येत नाही.

यावर उपाय जुन्या पसाऱ्याकडे परतण्याचा नाही. खिडकीवरच्या यंत्राने एकच मागणी करावी, डेटाबेसच्या शेजारी बसलेल्या यंत्राने साठ प्रश्न तेथल्या तेथे विचारावेत आणि तयार उतारा एकाच फेरीत परत पाठवावा, किंवा साठ प्रश्नांऐवजी सर्व खातेदारांची माहिती एकाच प्रश्नात मागवावी. दोन्ही मार्गांनी रचना नीटस राहते आणि वेगही परत मिळतो. विभाग कोठे पाडायचा, याचा निर्णय अंतर लक्षात घेऊन करायचा असतो, हा त्याचा अर्थ.

जेथे किंमत नगण्य असते

रिफॅक्टरिंगला विरोध करताना हमखास पुढे केले जाणारे कारण म्हणजे थर. एका लांबलचक आज्ञावलीचे वीस छोटे भाग केले, तर प्रत्येक भागाला हाक मारण्याचा खर्च वाढतो, असा तो युक्तिवाद. तो खरा आहे, पण त्याचे प्रमाण पाहायला हवे. आजच्या संगणकात अशा एका हाकेला फार तर काही अब्जांश सेकंद लागतात. प्रत्येकी पाच अब्जांश धरले तर वीस हाकांचे शंभर अब्जांश सेकंद होतात. बंगळूरच्या एका फेरीचा हा तीन लाखावा हिस्सा. एवढ्यासाठी आज्ञावली दुर्बोध ठेवणे म्हणजे बैलगाडीचे वजन कमी व्हावे म्हणून चाकातील वंगण पुसून टाकण्यासारखे आहे.

क्षेत्रफळाचे उदाहरण घ्या. गोव्यात जमिनीचे क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहितात. कर्नाटकातील पहाणीवर ते एकर-गुंठ्यांत असते. चाळीस गुंठ्यांचा एक एकर आणि सोळा आण्यांचा एक गुंठा. ३ एकर २० गुंठे हे क्षेत्र ‘३.२०’ असे लिहिण्याचा प्रघात आहे. एखाद्या आज्ञावलीने ते साध्या दशांश संख्येसारखे वापरले तर ३.२० आणि २.३० यांची बेरीज ५.५० येईल. खरी बेरीज आहे ६ एकर १० गुंठे. नीटस रचनेत क्षेत्रफळ ही स्वतंत्र राशी मानतात, ते सर्वांत लहान एककात, म्हणजे आण्यांच्या पूर्णांकात साठवतात आणि छापताना एकर-गुंठ्यांत रूपांतर करतात. प्रत्येक वेळी भागाकाराच्या एक-दोन क्रिया वाढतात. त्या बदल्यात बेरजेचा नियम आज्ञावलीत शंभर ठिकाणी विखुरलेला न राहता एकाच ठिकाणी राहतो. वाटणीच्या दाव्यात अडकलेल्या भावाभावांना या फरकाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

लिपीचेही तसेच. एकेकाळी कन्नड आणि मराठी मजकूर ठरावीक फॉन्टच्या संकेतांत किंवा एका अक्षरचिन्हाला एक बाइट देणाऱ्या ‘इस्की’ संकेतप्रणालीत साठवला जाई. युनिकोडच्या प्रचलित ‘यूटीएफ-८’ पद्धतीत कन्नड वा देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘कलबुरगी’ या शब्दात काना-मात्रा धरून सात चिन्हे आहेत. तेथे सात बाइट लागत, येथे एकवीस लागतात. दोन कोटी नोंदी आणि प्रत्येकीत पाचशे चिन्हे धरली तर दहा गिगाबाइटचे तीस गिगाबाइट होतील. वाढ तिप्पट आहे हे ऐकून धसका बसतो, परंतु ही सारी वाढ बाजारात सहज मिळणाऱ्या एका पेन ड्राइव्हमध्ये मावते. त्या मोबदल्यात शोध, वर्णानुक्रम आणि एका खात्याची माहिती दुसऱ्या खात्याला देणे या गोष्टी साध्य होतात. किंमत टक्क्यांत न सांगता रुपयांत, सेकंदांत आणि बाइटमध्ये सांगितली की निर्णय सोपा होतो.

नावे बदलतात, तालुके फुटतात

रचना नीटस ठेवली नाही तर काय होते, हे सीमाभागातील नकाशानेच दाखवून दिले आहे. २००९ च्या अखेरीस गुलबर्गा जिल्ह्यातून यादगीर जिल्हा वेगळा झाला. १ नोव्हेंबर २०१४ पासून गुलबर्ग्याचे अधिकृत नाव कलबुर्गी झाले. त्यानंतर काही वर्षांत राज्यभर नवे तालुके आले, तेव्हा बिदर जिल्ह्यात औरादमधून कमलनगर, बसवकल्याणातून हुलसूर आणि हुमनाबादेतून चिटगुप्पा असे तालुके निघाले. कलबुर्गी जिल्ह्यात कमलापूर, काळगी, शहाबाद आणि यड्रामी हे नवे तालुके झाले. २०१९ मध्ये संपूर्ण हैदराबाद-कर्नाटक प्रदेशाचे नाव कल्याण-कर्नाटक झाले. सांग्यापासून वेगळा झालेला धारबांदोडा आठवला तर गोमंतकीय वाचकालाही या उलथापालथीची कल्पना येईल.

जिल्ह्याचे नाव प्रत्येक पहाणीच्या नोंदीतच अक्षरशः लिहून ठेवले असेल तर ‘गुलबर्गा’चे ‘कलबुर्गी’ करण्यासाठी लाखो ओळी बदलाव्या लागतात आणि त्यातील काही हमखास सुटतात. नावे वेगळ्या तक्त्यात ठेवून नोंदीत केवळ त्याचा संकेतांक ठेवला, तर एकच ओळ बदलून काम भागते. एक तथ्य एकाच ठिकाणी लिहावे, हा १९७० मध्ये एडगर कॉड यांनी मांडलेल्या संबंधाधिष्ठित डेटाबेसच्या विचारातून आलेला दंडक आहे. गावाच्या ओळख क्रमांकातच तालुक्याचा क्रमांक गुंफलेला असेल तर संकट आणखी मोठे. हुलसूर वेगळे झाले की त्याखालील प्रत्येक गावाची ओळखच बदलते आणि त्या ओळखीवर विसंबलेले बँकेचे, विम्याचे व न्यायालयाचे सारे धागे तुटतात. म्हणून क्रमांकाला स्वतःचा अर्थ नसावा आणि कोणते गाव कोणत्या तालुक्यात, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, ही नोंद वेगळी असावी.

या नीटसपणाची किंमत मात्र खरी आहे. उतारा छापताना प्रणालीला आता चार-पाच तक्ते जोडून पाहावे लागतात. तारखेचा विचार आला की प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण २०१२ सालच्या दस्ताच्या नकलेवर त्या वेळचेच ‘गुलबर्गा’ हे नाव यायला हवे. योग्य निर्देशांक, म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची, नसेल तर प्रत्येक जोडणीत लाखो ओळी धुंडाळल्या जातात. ती सूची असेल तर तोच शोध मोजक्या पायऱ्यांत आटोपतो. रचना स्वच्छ केल्यावर आलेला मंदपणा पुष्कळदा असा सूचीच्या अभावातून आलेला असतो आणि दोष विनाकारण रचनेला दिला जातो.

काही ठिकाणी मात्र मुद्दाम पुनरुक्ती करणेच शहाणपणाचे ठरते. उतारा लाखो वेळा मागितला जातो, पण त्यातील नोंद क्वचितच बदलते. अशा वेळी तयार उताऱ्याची एक प्रत साठवून ठेवावी आणि फेरफार मंजूर होताच ती बाद करून नवी करावी, असा मार्ग घेतात. वेग प्रचंड वाढतो, पण नवी जबाबदारी येते. प्रत बाद करायची राहिली तर विकलेल्या जमिनीचा उतारा जुन्या मालकाच्या नावाने निघत राहील. म्हणून मूळ नोंद आणि तयार प्रत यांतले सत्य कोणते, हे रचनेत नि:संदिग्ध असावे लागते. मूळ मांडणी नीटस असेल तरच अशी जोड सुरक्षितपणे देता येते.

तोच दहा टक्के, डिसेंबरात आणि जुलैत

समजा, नव्या रचनेमुळे प्रत्येक उताऱ्याला पूर्वीपेक्षा दहा टक्के अधिक वेळ लागू लागला. हे परवडेल का? याचे उत्तर आज्ञावलीत नसून खिडकीबाहेरच्या रांगेत आहे. दूरध्वनीच्या तारा किती लागतील याचा हिशेब करताना डॅनिश गणितज्ञ ए. के. एर्लांग यांनी १९०९ मध्ये रांगांच्या शास्त्राचा पाया घातला. त्यातील सर्वांत साधे सूत्र येथे पुरेसे आहे. मागण्या अनियमितपणे येतात आणि त्या हाताळणारे यंत्र एकच आहे, असे धरू. एका मागणीला सरासरी एक सेकंद लागतो.

डिसेंबरातील शांत दिवशी दोन सेकंदांना एक मागणी येत असेल तर यंत्र निम्मा वेळ मोकळे असते आणि रांगेसह उत्तर सरासरी दोन सेकंदांत मिळते. काम दहा टक्क्यांनी मंदावले तर हा काळ सुमारे अडीच सेकंद होईल. कोणाच्या लक्षातही येणार नाही. जुलैअखेरच्या दिवशी दहा सेकंदांना नऊ मागण्या येत असतील तर जुन्या रचनेत सरासरी दहा सेकंद लागतील. आता तेच दहा टक्के मिळवले, म्हणजे एका मागणीला १.१ सेकंद धरला, तर यंत्र ९९ टक्के वेळ गुंतलेले राहते आणि सरासरी प्रतीक्षा ११० सेकंदांवर जाते. खर्च दहा टक्क्यांनी वाढला, प्रतीक्षा अकरा पटींनी वाढली.

वेगाच्या किमतीसंबंधीचे बहुतेक वाद या एका आकडेमोडीपाशी येऊन थांबतात. सुधारणा करणारा अभियंता आपल्या कक्षात शांत यंत्रावर मोजमाप करतो आणि फरक नगण्य असल्याचे सांगतो. खिडकीवरील कर्मचारी मुदतीच्या शेवटच्या दिवशीची रांग पाहतो आणि प्रणाली कोसळल्याचे सांगतो. दोघेही खरे बोलत असतात. म्हणून किंमत मोजताना सर्वाधिक गर्दीचा दिवस समोर ठेवावा लागतो. त्यातही सरासरीवर विसंबणे धोक्याचे असते. शंभरांतील नव्याण्णव उतारे अर्ध्या सेकंदात निघाले आणि एकाला पन्नास सेकंद लागले, तर सरासरी एका सेकंदाच्या आत राहते. तो एक उतारा बहुधा सर्वाधिक खातेदार असलेल्या, अनेक पिढ्या वाटणी न झालेल्या जमिनीचा असतो, म्हणजे ज्याला त्याची सर्वाधिक गरज आहे त्याचाच असतो.

या गणिताची दुसरी बाजूही आहे. यंत्रांची संख्या वाढवली किंवा मागण्यांना वेगवेगळ्या वेळा नेमून दिल्या, तर दहा टक्क्यांचा भार पुन्हा नगण्य होतो. दोन यंत्रांवर काम विभागणे केव्हा शक्य होते? आज्ञावलीचे भाग एकमेकांत गुंतलेले नसतात तेव्हा. नीटस रचना प्रत्येक मागणीमागे थोडा वेळ घेते आणि त्या बदल्यात यंत्रे वाढवण्याची सोय देते. गुंतागुंतीची रचना एका यंत्रावर चपळ भासते, परंतु गर्दी वाढली की तिला वाढायला जागा उरत नाही.

चिंचोळीपासून सुरुवात

दस्तनोंदणीच्या ‘कावेरी’ प्रणालीचा प्रवास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. तिची पहिली आवृत्ती पुण्याच्या सी-डॅकने या शतकाच्या आरंभी विकसित केली होती. ‘कावेरी २.०’ ही नवी आवृत्ती २०२३ मध्ये आली आणि तिचा प्रायोगिक वापर कलबुर्गी जिल्ह्यातील चिंचोळीच्या दुय्यम निबंधक कार्यालयातून सुरू झाला. त्यानंतर त्याच वर्षी ती राज्यातील अडीचशेहून अधिक कार्यालयांत पोहोचली. दस्ताची माहिती नागरिकाने घरूनच भरावी, शुल्क ऑनलाइन भरावे, वेळ ठरवून घ्यावी आणि कार्यालयात केवळ छायाचित्र व अंगठ्यासाठी जावे, अशी तिची आखणी आहे. जमिनीची माहिती ती ‘भूमी’कडून घेते.

या आखणीत वर उल्लेखिलेली दोन्ही तत्त्वे दिसतात. वेळ ठरवून देणे हा रांगेच्या गणितावरील उपाय आहे, कारण अनियमित येणारी गर्दी त्यामुळे समपातळीवर येते. जमिनीची माहिती स्वतःजवळ न साठवता ‘भूमी’ला विचारणे हा ‘एक तथ्य एका ठिकाणी’ या दंडकाचा वापर आहे. त्याची किंमतही उघड आहे. प्रत्येक दस्तामागे दुसऱ्या प्रणालीकडे एक फेरी होते आणि एक प्रणाली बंद पडली तर दुसरीचेही काम अडते. ज्यांच्या जमिनी परस्पर विकल्या जाण्याचा धोका असतो त्यांच्यासाठी ही किंमत रास्त आहे, कारण नोंदणीच्या क्षणी मालकी पडताळली जाते.

एका लहान कार्यालयापासून आरंभ करण्याची रीतही योग्य आहे. मात्र तिची मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. लहान तालुक्यात रचना बरोबर आहे की नाही हे कळते, महानगराची गर्दी तिला पेलेल की नाही हे कळत नाही. त्यासाठी कृत्रिम गर्दी निर्माण करून वेगळी परीक्षा घ्यावी लागते.

२०२५ च्या आरंभी या प्रणालीला खोट्या मागण्यांच्या भडिमाराचा फटका बसला आणि काही दिवस राज्यभर दस्तनोंदणी विस्कळीत झाली. बोजाच्या दाखल्याचा शोध हे अशा हल्ल्याचे सोयीचे लक्ष्य होते, कारण मालमत्तेचा अनेक वर्षांचा इतिहास धुंडाळणारा शोध यंत्राला महाग पडतो आणि मागणाऱ्याला मात्र काही सेकंदांत मागता येतो. अशा दारावर पहारा ठेवावा लागतो. एका खात्यावरून किती वेळा विचारता येईल याला मर्यादा घालणे आणि मागणारा माणूसच आहे याची खात्री करून घेणे, हे त्याचे प्रकार. या प्रत्येक थराने प्रामाणिक नागरिकाचे काही क्षण जातात. पण ते वाचवण्यासाठी पहारा काढून टाकला तर सगळ्यांचेच दिवस वाया जातात.

आधी मोजमाप, मग निर्णय

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी १९७४ मध्येच बजावले होते की, सुमारे ९७ टक्के ठिकाणी बारीकसारीक वेगाची चिंता करणे घातक आहे, परंतु उरलेल्या कळीच्या तीन टक्क्यांकडे दुर्लक्ष करू नये. या विधानाचा पहिला भाग सोयीस्करपणे सांगितला जातो, दुसरा विसरला जातो. ते तीन टक्के कोणते, हे अंदाजाने ठरवता येत नाही, ते मोजावे लागते. त्याआधी १९६७ मध्ये जीन अॅम्डाल यांनी दाखवले होते की, एखाद्या भागाला एकूण वेळेच्या पाच टक्केच वेळ लागत असेल तर तो कितीही वेगवान केला तरी एकूण बचत पाच टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. उतारा मिळवायला खिडकीवर दहा मिनिटे लागत असतील आणि त्यातील दोन सेकंदच संगणकाचे असतील, तर ते दोन सेकंद वाचवण्यासाठी रचना विस्कटणे व्यर्थ आहे. सर्व्हे नंबर चटकन सापडेल असा पडदा नागरिकासमोर ठेवल्याने अधिक लाभ होईल.

म्हणून जाणते अभियंते ठरावीक क्रमाने जातात. प्रथम जुन्या प्रणालीतून हजारो उतारे काढून ठेवायचे आणि नव्या रचनेतून निघालेल्या उताऱ्यांशी अक्षर-अक्षर ताडून पाहायचे. वर्तन बदलले नाही याची खात्री पटल्याशिवाय वेगाची चर्चाच करायची नाही, कारण चुकीचा उतारा लवकर मिळण्यात कोणाचेच हित नाही. त्यानंतर गर्दीच्या दिवसाएवढा भार टाकून जुन्या आणि नव्या रचनेचा वेळ मोजायचा. फरक दिसला तर तो नेमका कोठे आहे ते शोधायचे. बहुतेक वेळा तो दूरच्या फेऱ्यांत, सूची नसलेल्या शोधात किंवा पुन्हा पुन्हा केलेल्या त्याच कामात सापडतो. तेवढ्याच ठिकाणी रचनेला मुरड घालायची, ती का घातली हे तेथेच लिहून ठेवायचे आणि उर्वरित आज्ञावली नीटस राहू द्यायची.

रचना स्वच्छ केल्यानेच अशी ठिकाणे दिसू लागतात, हाही अनुभव सार्वत्रिक आहे. हजारो ओळींच्या एका सलग आज्ञावलीत वेळ कोठे जातो हे सांगता येत नाही. तिचे नाव असलेले, वेगळे भाग केले की प्रत्येकाचा वेळ वेगळा मोजता येतो.

सरकारी प्रणालींचे आयुष्य मोठे असते. ‘भूमी’ला पंचवीस वर्षे होत आली. या काळात यंत्रे बदलली, डेटाबेसची जागा बदलली, लिपीची साठवण बदलली, जिल्ह्यांची नावे आणि तालुक्यांच्या सीमा बदलल्या. २००० सालच्या यंत्रासाठी घासूनपुसून मिळवलेला वेग आजच्या यंत्रावर क्षुल्लक आहे, तेव्हा केलेल्या रचनेतील निर्णयांचे परिणाम मात्र आजही भोगावे लागतात. यंत्र दरसाल स्वस्त होते, गुंतलेली आज्ञावली उलगडून सांगणारा माणूस दरसाल दुर्मिळ होतो. नव्या प्रणालीसाठी निविदा काढणाऱ्या प्रत्येक खात्याने, मग ते बंगळूरचे असो वा पणजीचे, कंत्राटदाराला दोन आकडे विचारायला हवेत. मुदतीच्या शेवटच्या दिवशी शंभरांतील सर्वांत मंद उताऱ्याला किती वेळ लागेल, आणि उद्या एखादा तालुका फुटला तर बदल करायला किती दिवस लागतील? या दोन्ही प्रश्नांची मोजून दिलेली उत्तरे हाती आली, तर हुलसूर वा कमलनगरच्या शेतकऱ्याला विम्याच्या शेवटच्या दिवशी रिकाम्या हाताने परतावे लागणार नाही.